चाकाखालची हातभर माती

रस्ता ओलांडणारी पाइपलाइन किती खोल पुरावी, या प्रश्नाला ‘जमेल तितकी खोल’ हे उत्तर चटकन सुचते. पण खाली खडक लागतो, भूजलाची पातळी वर असते, आधीच टाकलेली गटारे आडवी येतात आणि अभियंत्याला पुष्कळदा हातभर मातीवरच भागवावे लागते. पाइपावर दोन ओझी येतात, एक वरच्या मातीचे आणि दुसरे चाकाचे. खोली बदलली की ही दोन्ही एकमेकांच्या उलट बदलतात.

मातीचे ओझे खोलीबरोबर वाढते, तर चाकाचा भार खाली जाताना पसरत जातो. फ्रेंच गणितज्ञ जोसेफ बूसिनेस्क यांच्या 1885 मधील सूत्रानुसार बिंदुभाराच्या थेट खालचा दाब खोलीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. जड ट्रकच्या आसाच्या एका टोकाचा भार 72 किलोन्यूटन धरला, तर 2 मीटर खोलीवर चाकाचा दाब सुमारे 9 किलोपास्कल आणि मातीचा 36 भरतो. 1 मीटरवर हेच आकडे 34 आणि 18 होतात. अर्ध्या मीटरवर मात्र चाकाचे 138 आणि मातीचे अवघे 9. (टायर म्हणजे बिंदू नव्हे, त्यामुळे इतक्या उथळ जागी सूत्र थोडा जास्त आकडा देते, चित्र तेच राहते.) त्यातच खड्ड्यात आपटणारे चाक स्थिर चाकापेक्षा अधिक दाब देते, म्हणून उथळ पाइपासाठी हा भार दीडपट धरण्याची पद्धत आहे.

मातीचे ओझे एकदा बसले की बसले. चाकाचे मात्र दर वाहनागणिक येते आणि जाते. त्यामुळे पोलादी पाइपात एका फटक्याची ताकद पुरेशी असूनही जोडाच्या वेल्डला लाखो फेऱ्यांनंतर थकवा येऊन तडा जाऊ शकतो, आणि ही तपासणी वेगळी करावी लागते.

जाड पाइप वापरणे हा सोपा उपाय वाटतो, पण माझ्या मते पहिले लक्ष बाजूच्या मातीकडे द्यावे. लवचिक पाइप वरून दाबला की चपटा होऊन दोन्ही कुशींना फुगू पाहतो, आणि तिथली घट्ट माती त्याला अडवते. अमेरिकी अभियंते एम. जी. स्पँगलर यांनी 1941 मध्ये मांडलेल्या सूत्रात हा आधार पाइपाच्या स्वतःच्या ताठरपणाशेजारीच बेरजेत येतो, आणि पातळ भिंतीच्या पाइपात बहुतेक वाटा मातीचाच असतो. म्हणून पाइपाच्या पोटाखालच्या बेचक्यात भराव नीट ठासणे महत्त्वाचे. नेमकी तीच जागा हाताला अवघड असते.

वर काँक्रीटची फरशी घालायची असेल, तर ती पाइपावर टेकता कामा नये. तिची टोके चराबाहेरच्या न खणलेल्या जमिनीवर बसवावीत आणि पाइप व फरशी यांच्यामध्ये दबणारा थर ठेवावा. नाहीतर फरशी चाकाचा भार थेट पाइपाच्या माथ्यावर आणून सोडते. पोलादी पाइपाभोवती दुसरी आवरणनळी घालण्याची जुनी रीतही निर्धोक नाही, कारण दोन्ही धातू एकमेकांना टेकले किंवा मधल्या पोकळीत पाणी शिरले, तर गंज रोखण्यासाठी जमिनीतून पाइपाकडे सोडलेला विद्युतप्रवाह आतल्या पाइपापर्यंत नीट पोहोचत नाही.

आणखी एक गोष्ट आराखड्यात हमखास निसटते. रस्त्याचे वरचे थर पडण्याआधी, भराव अजून अर्धवट असताना त्यावरून कंप देणारा रोलर फिरतो. पाइपावरची माती त्या दिवशी सर्वांत कमी असते, त्यामुळे आयुष्यातला सर्वांत मोठा भार पाइपाला वाहतूक सुरू होण्यापूर्वीच सोसावा लागू शकतो. रोलर किती वजनाचा, आणि किती माती चढल्यावर त्याला वर येऊ द्यायचे, हे नकाशावरच लिहिलेले असावे.