आर्थर रोडचा चमचा: तुरुंगातल्या पात्यांची पार्श्वभूमी

जुलै २०१० मध्ये आर्थर रोड तुरुंगात अबू सालेमवर हल्ला झाला. चेहऱ्यावर जखमा झाल्या. आरोप मुस्तफा डोसावर आला आणि हत्यार म्हणून पुढे आला तो धार काढलेला चमचा. दोघेही १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यांतले आरोपी, म्हणजे ज्यांच्यावर सर्वांत कडक नजर असायची अशांपैकी.

तेव्हा लागू असलेला तुरुंग कायदा १८९४ चा. त्याच्या कलम २४ नुसार आत येणाऱ्या प्रत्येक बंद्याची झडती घेऊन शस्त्रे आणि निषिद्ध वस्तू काढून घ्यायच्या. कलम ४२ मध्ये निषिद्ध वस्तू आत पोचवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाचताना लगेच जाणवते की कायदा करणाऱ्यांच्या मनात हत्यार फाटकातून येणारे होते. कायदा झाला तेव्हा शहरात डोंगरीचा तुरुंग होता. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांनी तिथेच १०१ दिवस काढले. आर्थर रोड १९२६ चा, पण लक्ष फाटकावर ठेवण्याची सवय तिथेही आली.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. येरवडा किंवा नाशिक रोडसारख्या शिक्षाबंद्यांच्या तुरुंगात कारखाने चालतात, त्यामुळे छिन्नी, कात्री, करवत मोजून देणे आणि मोजून परत घेणे हे रोजचे काम. आर्थर रोडमध्ये बहुतेक सगळे कच्चे, म्हणजे खटला अजून चालू असलेले कैदी. त्यांच्यावर कामाची सक्ती नाही, म्हणून कारखान्याची अवजारे हाती पडत नाहीत. मग धातू सापडतो तो बराकीतच: चमचा, थाळीची कड, बादलीची कडी, दाढीची पत्ती.

पत्ती मुंबईला जुनीच ओळखीची. लोकलमधल्या खिसेकापूंचे ते हत्यार. आत ती दुसऱ्यावर चालते, आणि हताश झालेला बंदी ती स्वतःवरही चालवतो. म्हणून पत्तीचा हिशेब जितका सुरक्षेचा तितकाच जीव वाचवण्याचा. नवी पत्ती द्यायची तर जुनी परत घ्यायची, हा साधा नियम. तो फसतो कुठे? दोन्ही बाजूंना धार असलेली पत्ती मधोमध मोडते. परत आलेला अर्धा तुकडा नोंदवहीत ‘एक’ म्हणून चढला की दुसरा अर्धा बराकीत राहिला. पाकिटे मोजून चालत नाही, पत्ती अख्खी आहे का ते उजेडात धरून पाहावे लागते.

झडतीतही अशाच गफलती होतात. चमचा-थाळी ॲल्युमिनियमची असेल तर ते चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे चुंबक फिरवून काहीच हाती लागत नाही. मेटल डिटेक्टर ते पकडतो, पण यंत्राची संवेदनशीलता फार वाढवली की पँटच्या चेनलाही शिटी वाजते आणि ती सतत ऐकणारा शिपाई तासाभरात दुर्लक्ष करू लागतो. हाताने झडती घेताना एकाने चाचपायचे आणि दुसऱ्याने बंद्याच्या हातांवर डोळा ठेवायचा. कॉलर, नाडीचा नेफा, चपलेचा तळ, चादरीची शिवण, मोरीची जाळी, भिंतीतली भेग, एवढ्या जागा रोज. वेळ मात्र रोज तीच नको, कारण ठरलेल्या वेळेआधी वस्तू शेजारच्या बराकीत पोचलेली असते.

या सगळ्याच्या मुळाशी गर्दी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आर्थर रोडची क्षमता २०२० मध्ये साधारण ८०० ची होती. त्या वर्षी मे महिन्यात, कोरोनाच्या ऐन भरात, तिथे अडीच हजारांहून जास्त माणसे होती. तिप्पट माणसे म्हणजे तिप्पट चमचे, आणि मोजणारे हात मात्र तेवढेच. जेवणानंतर भांडी ढिगाने गोळा केली की दोन चमचे कमी आहेत हे कळायला दुसरा दिवस उजाडतो. बराकीनुसार वेगळे पिंप ठेवून, उष्टी भांडी जागच्या जागी मोजून घेतली, तर कमी पडलेला चमचा त्याच पन्नास-शंभर माणसांत शोधता येतो.

आणि खाली फरशीकडे पाहायचे. ॲल्युमिनियम दगडावर घासले की करडी, काळपट रेघ उमटते. ओल्या फडक्याने ती सहज जात नाही, आणि घासणाऱ्याच्या बोटांनाही तीच काजळी लागते. मोरीजवळच्या किंवा उंबऱ्याच्या दगडावर अशी ताजी रेघ दिसली, तर झडती त्या बराकीपासून सुरू करावी.