पार्श्वभूमी : हेलिकॉप्टरमधली रक्ताची पेटी

नाशिकचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. गर्दी, पावसाळा आणि कसारा घाट एकत्र आले की हवाई रुग्णवाहिकेचा विषय निघणारच. ओझरला विमानतळ आहे, गांधीनगरला लष्कराचं हवाई प्रशिक्षण केंद्र. आकाशातल्या यंत्रांची या शहराला नवलाई नाही. रुग्णाला उडत्या हेलिकॉप्टरमध्येच रक्त चढवायचं म्हटलं की मात्र सगळं एका पेटीपाशी येऊन अडतं.

ही पेटी मुळात युद्धातली. १९१४ च्या सुमारास सायट्रेट हे रसायन घातलं की रक्त गोठत नाही हे कळलं आणि रक्त साठवण्याची वाट मोकळी झाली. १९१७ मध्ये ऑस्वाल्ड रॉबर्टसन या अमेरिकी लष्करी डॉक्टरने फ्रान्समध्ये दारूगोळ्याच्या खोक्यांपासून बर्फपेटी बनवली, तीत रक्ताच्या बाटल्या ठेवल्या आणि त्या आघाडीजवळ नेल्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतून विमानाने रक्त जाऊ लागलं, तेही काचेच्या बाटल्यांतून. प्लास्टिकची पिशवी आली ती १९५० च्या आसपास, आणि माझ्या मते हवाई वाहतुकीला खरी गती दिली ती या न फुटणाऱ्या, हलक्या पिशवीने. पुढचा टप्पा बराच उशिरा आला : लंडनच्या हवाई रुग्णवाहिकेने रक्तातून वेगळ्या काढलेल्या लाल पेशी सोबत न्यायला सुरुवात केली ती थेट २०१२ मध्ये.

एवढा उशीर का, याचं उत्तर तापमानात आहे. लाल पेशी रक्तपेढीत २ ते ६ अंश सेल्सिअसला राहतात, वाहतुकीत १० पर्यंत चालतं. त्यावर गेलं तर जंतू वाढण्याची भीती. शून्याखाली गेलं तर पेशी फुटतात आणि अशी पिशवी रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून फ्रीजरमधून काढलेला आईस पॅक लगेच पेटीत ठेवायचा नाही. तो बाहेर घाम फुटेपर्यंत ठेवायचा, हलवून आत पाण्याचा आवाज येतो का पाहायचं. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर लसीची पेटी नेणाऱ्या सिस्टरना हे कुणी शिकवायला नको. आता ४-५ अंशांना वितळणाऱ्या खास द्रव्याच्या पट्ट्या मिळतात, त्यामुळे गोठण्याचा धोका बराच कमी झाला. प्लेटलेटचं, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशींचं, गणित निराळंच : त्यांना २० ते २४ अंश आणि सतत हलतं राहणं लागतं, आणि एवढं करून त्या टिकतात जेमतेम ५ दिवस. त्यामुळे हेलिकॉप्टरमध्ये मुख्यतः लाल पेशी आणि प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) हेच असतात.

खरी गोम मात्र न वापरलेल्या पिशवीची. रक्तगट पाहायला वेळ नसतो म्हणून पेटीत जवळपास कुणालाही चालणारं ओ निगेटिव्ह ठेवायचं, आणि आपल्याकडे तेच सर्वांत दुर्मीळ रक्तांपैकी एक. बहुतेक उड्डाणांत ते लागतच नाही. मग परत आलेली पिशवी दुसऱ्याला द्यायची की फेकायची? पेटी थंड लागते एवढ्यावर कुठलीही पेढी ती पिशवी परत घेणार नाही, घेऊही नये. पिशव्यांच्या मध्ये ठेवलेलं डेटा लॉगर नावाचं छोटं यंत्र दर काही मिनिटांनी तापमानाचा आकडा नोंदवतं आणि त्या नोंदींवर निर्णय होतो.

आपल्या कायद्यात रक्त हे औषध आहे, त्यामुळे साठवणुकीला परवाना आणि नोंदी आल्याच. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०४ क्रमांकावर फोन करून मोटारसायकलवरून रक्त मागवण्याची योजना आली. २०२३ मध्ये आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) दिल्ली परिसरात ड्रोनने रक्त नेण्याची चाचणी घेतली. नाशिकमध्ये अशी पेटी उडायची तर त्यातलं रक्त कोणत्या पेढीच्या खात्यावर, पिशव्या किती दिवसांनी बदलायच्या आणि उतरल्यावर लॉगर कोण वाचणार, हे हेलिपॅड आखण्याआधी ठरवावं लागेल.