देव पालखीत, देखावा रथात

गुढीपाडव्याच्या सकाळी ठाण्याच्या स्वागतयात्रेत ग्रामदैवत कौपिनेश्वर पालखीत बसून खांद्यांवरून जातो. रथ असतात ते चित्ररथ. सजवलेला ट्रक किंवा टेम्पो, बंपरला झेंडूच्या माळा, चाकं झाकणारं कापड आणि वर शिवराय, एखादा गड, नाहीतर पाणी वाचवण्याचा संदेश. गोखले रोड, राम मारुती रोडवर अशी रांग लागते. ही प्रथा काही जुनी नाही. 1999 मध्ये डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानाने पहिली स्वागतयात्रा काढली, मग ठाणे, गिरगाव असं लोण पसरत गेलं. रथ मात्र फार जुना आहे.

चित्ररथ हा मुळात एक गंधर्व. गीतेच्या दहाव्या अध्यायात ‘गंधर्वांमध्ये मी चित्ररथ’ असं कृष्ण म्हणतो, तो हाच. आदिपर्वात गंगाकाठी अर्जुनाने त्याचा रथ अस्त्राने जाळला, तेव्हा आता मला दग्धरथ म्हणा, असं तो खिन्नपणे म्हणतो. चैत्रातल्या उन्हात तापलेल्या टेम्पोच्या पत्र्याला हात लागला, की मलाही तेच नाव जास्त जवळचं वाटतं.

रथाच्या जुन्या कल्पना चाळल्या तर एक गोष्ट जाणवते. रथात कोण बसलंय यापेक्षा तो हाकतंय कोण, याचंच कौतुक अधिक. ऋग्वेदात सूर्याचा रथ एका चाकाचा. पुढे पुराणांत त्याला अरुण हा सारथी मिळाला. रथसप्तमीला पाटावर आपण काढतो तो हाच सात घोड्यांचा रथ. कठोपनिषदाने तर माणसालाच रथ केलं: शरीर रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम, आत्मा आत बसलेला आणि बुद्धी सारथी. आतला नुसता बसलेला असतो. गाडी खड्ड्यात जाणार की नाही, ते बुद्धीवर.

कौपिनेश्वराच्या गावात यातली सर्वांत शोभणारी कथा शिवाचीच आहे. एरवी नंदीवर फिरणारा हा देव त्रिपुरासुराच्या तीन पुरांवर निघाला तेव्हा त्याला रथ लागला. त्यासाठी पृथ्वीचाच रथ झाला, सूर्य-चंद्र चाकं झाले, वेद घोडे, मेरू धनुष्य आणि विष्णू बाण. लगाम धरायला मात्र ब्रह्मदेवाला बसवावं लागलं, कारण सारथी रथीपेक्षा कमी दर्जाचा चालत नाही. त्रिपुरी पौर्णिमेला दिवे लावतो ते याच विजयाचे.

मिरवणुकीतला रथ हा पुढचा टप्पा. पाचव्या शतकात फाहियान या चिनी यात्रेकरूने पाटलिपुत्रात मूर्ती बसवलेले वीसेक रथ पाहिले. ती मिरवणूक बौद्धांची होती. पुरीत जगन्नाथाच्या रथाला 16 चाकं, बलभद्राच्या 14, सुभद्रेच्या 12. दरवर्षी लाकूड नवं, आणि तिथेही सारथी ठरलेले: जगन्नाथाचा दारुक, बलभद्राचा मातली, सुभद्रेचा अर्जुन. पण खरे घोडे म्हणजे दोर ओढणारी माणसं. मंदिरात शिरायला ज्यांना बंदी, त्यांच्यासाठी देव स्वतः रस्त्यावर येतो.

महाराष्ट्रात रथाला मोठा मान मिळाला तो जळगाव, तासगाव अशा मोजक्या ठिकाणी. बाकी आपला जीव पालखीत. ज्ञानोबांच्या वारीतही पादुका पालखीतच, ती पालखी रथात, आणि रथाला बैल. तरी दिंड्यांचे क्रमांक मोजायचे ते ‘रथापुढे’ आणि ‘रथामागे’ असेच.

आता रथाला ट्रक म्हणजे भेसळ, असं कुणी म्हणेल. पण परदेशातली इस्कॉनची पहिली रथयात्रा 1967 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत निघाली, ती सपाट ट्रकवरच. त्याच इस्कॉनचं भव्य मंदिर 2025 च्या जानेवारीत आपल्या खारघरमध्ये उघडलं.

माझी तक्रार इंजिनाबद्दल नाहीच. ठाण्याच्या चित्ररथावर मावळे असतात, वारकरी असतात, कधी गीतोपदेश सांगणारा कृष्णही असतो, कार्डबोर्डचे घोडे हाकत. खरा सारथी खाली केबिनमध्ये, पुठ्ठ्याच्या तटबंदीमागे. त्याला समोरच्या कापडातल्या वीतभर फटीतून जेमतेम लेझीमवाल्या मुलींच्या टाचा दिसतात. म्हणून मंडळाचा एक पोरगा उलटा चालत, हात हलवत त्याला सांगत राहतो, ‘येऊ दे, येऊ दे... बस!’