गाडी झोपते, मोडेम जागाच असतो

पंधरा-वीस दिवस गाडी उभी होती. परत येऊन सेल्फ मारला, तर नुसतं कट-कट. बॅटरी जेमतेम वर्षाची, दिवे बंद, दरवाजे नीट लागलेले. मग बॅटरी उतरली कशी? गाडीत मोबाइलवरून चालू होणारा रिमोट स्टार्टर बसवलेला असेल, तर माझा पहिला संशय त्याच्यावर.

इंजिन सुरू करण्यातच सगळी बॅटरी जाते, असं आपल्याला वाटतं. हिशेब करून पाहा. स्टार्टर मोटर 200 अँपिअर ओढते असं धरलं, तरी ती ओढते दोनच सेकंद. म्हणजे खर्च 0.11 अँपिअर-तास. उलट 30 मिलीअँपिअर इतकासा करंट दिवसभर वाहत राहिला, तर 0.72 अँपिअर-तास जातात. नुसतं वाट पाहण्यात जेवढं गेलं, तेवढ्यात गाडी सहा वेळा सुरू झाली असती!

वाट पाहावीच लागते, कारण तुमचा आदेश कधी येईल हे त्या स्टार्टरच्या डबीतल्या मोडेमला, म्हणजे मोबाइल नेटवर्कशी बोलणाऱ्या भागाला, ठाऊक नसतं. तो टॉवरकडे आपली नोंद टिकवून ठेवतो आणि सहसा दर एक-दोन सेकंदांनी क्षणभर जागा होऊन आपल्यासाठी काही निरोप आहे का ते ऐकतो. रेंज चांगली असेल तर हे थोडक्यात भागतं. तळघरातल्या पार्किंगमध्ये मात्र तो पुन्हा पुन्हा टॉवर शोधत बसतो, आणि सापडलाच तर तिथवर पोचायला जास्त ताकदीने सिग्नल पाठवतो. गाडी तीच, यंत्र तेच. उभी करायची जागा बदलली की खर्च बदलतो. साध्या रिमोटच्या रिसीव्हरला टॉवरशी काही देणंघेणं नसतं, त्यामुळे तो बराच कमी खातो.

शिवाय अलार्म, सेंट्रल लॉक, कॉम्प्युटरची मेमरी यांचे मिळून 20 ते 50 मिलीअँपिअर जातच असतात. गाडीचे 30 आणि मोडेमचे 30 धरले, तर 60 अँपिअर-तासांची बॅटरी तीन आठवड्यांत निम्मी होते. मीटरवर 12.6 च्या जागी 12.2 व्होल्ट दिसतात, फरक किरकोळ वाटतो. पण कडाक्याच्या थंडीत इंजिन ऑइल घट्ट होतं, बॅटरीचा जोरही कमी पडतो आणि गाडी अडते. मला जास्त वाईट वाटतं ते पुढचं: लेड-ॲसिड बॅटरी अशी अर्धवट उतरून पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक घट्ट बसतात. मग कितीही चार्ज केली तरी ती पहिल्यासारखी भरत नाही.

संशय खरा की खोटा, हे मल्टिमीटर सांगतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून ती वायर आणि बॅटरीचं टोक यांच्या मध्ये करंट मोजायला लावलेला मीटर जोडा आणि गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास थांबा. सगळे कंट्रोलर झोपायला तेवढा वेळ घेतात. मीटर जोडलेला असताना सेल्फ मात्र चुकूनही मारू नका, त्याचा फ्यूज उडेल. आकडा स्थिरावला की रिमोट स्टार्टरचा फ्यूज काढा. आकडा जितका खाली येईल, तितकं त्या मोडेमचं खाणं.