आनिसोन आणि ड्राइव्ह

‘आनिसोन’ म्हणजे जपानी ॲनिमे (ॲनिमेशन) मालिकांची शीर्षकगीते. ‘ॲनिमे’ आणि ‘साँग’ या दोन शब्दांना जपानी पद्धतीने कात्री लावून हा शब्द झाला. मालिकेच्या सुरुवातीचे ते ‘ओपनिंग’, शेवटचे ते ‘एंडिंग’. यांतली बरीच गाणी मालिकेपासून सुटून गाडीच्या स्पीकरमध्ये जाऊन बसली. त्या गाण्यांपुरतीच ही नोंद आहे.

या गाण्यांचा घाट वेळेच्या टंचाईतून आला. टीव्हीवर ओपनिंगला दीड मिनिटाची जागा मिळते आणि मागेपुढे निमिषभर शांतता सोडायची म्हणून प्रत्यक्ष गाणे ८९ सेकंदांचे करतात. जपानी संगीतकार गाण्याचे तुकडे ए-मेलो, बी-मेलो आणि साबी असे पाडतात. ए-मेलो बैठक मांडतो, बी-मेलो ताण चढवतो आणि साबी, म्हणजे आपले ध्रुवपद, मिनिटभराच्या आत यावीच लागते. निवांत आलापी ऐकत वाढलेल्या कानाला ही घाई वाटेल. पण सिग्नल सुटल्यापासून गाडी चौथ्या गिअरमध्ये पडेपर्यंतचा काळ मोजून पाहावा. बी-मेलो तेवढ्यातच संपतो. सीडीवर किंवा ॲपवर हेच गाणे सुमारे चार मिनिटांचे असते, तरी त्याची चाल ठरलेली असते त्या ८९ सेकंदांनीच.

सुरुवातीची गाणी मुलांसाठीच होती. १ जानेवारी १९६३ रोजी ‘तेत्सुवान आतोमु’ (‘ॲस्ट्रो बॉय’) ही मालिका सुरू झाली तेव्हा आरंभी नुसते वाद्यसंगीत होते; कवी शुंतारो तानिकावा यांचे शब्द मागाहून आले आणि ते मुलांच्या वृंदाने गायले. १९७२च्या ‘माझिंगर झेड’मध्ये इचिरो मिझुकी यंत्रमानवाचे नाव छाती फुगवून पुकारतात. गाणे दमदार आहे, पण मोठ्या माणसाने काच खाली करून लावावे असे नाही. नायकाच्या नावाचा गजर थांबला तेव्हा ‘स्टायलिश’ आनिसोनची वाट मोकळी झाली.

ती वाट आधी जॅझने काढली. १९७७ साली लुपिन या चोराच्या ‘लुपिन द थर्ड’ची दुसरी मालिका आली आणि युजी ओनो यांनी ब्रासचे (पितळी फुंकवाद्यांचे) फटकारे देणारी, चोराच्या पावलांनी चालणारी धून दिली. ही धून ओनो यांनी पुढे कितीदा तरी नव्याने बांधली. लुपिनच्या नावाशी जोडली गेलेली छोटी पिवळी फियाट ५०० कड्यावरून उड्या मारते तेव्हा जे हलके, बेफिकीर वाटते, ते या संगीतात आधीच आहे. १९८३मध्ये गायिका आनरी यांचे ‘कॅट्स आय’ आले आणि ओरिकॉन या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेले. सिंथेसायझर, शहराची रात्र आणि प्रौढ आवाज असलेले हे गाणे बालगीत म्हणून खपवता येणे शक्यच नव्हते. यानंतर रेकॉर्ड कंपन्यांनी आपले पॉप कलाकार मालिकांना जोडायला सुरुवात केली. या सोयरिकीला जपानीत ‘ताइ-अप्पु’ म्हणतात. त्यातून कथेशी काडीचा संबंध नसलेली गाणीही पुष्कळ आली, हेही खरे.

ताइ-अप्पुचा सर्वांत देखणा नमुना म्हणजे टीएम नेटवर्कचे ‘गेट वाइल्ड’, एप्रिल १९८७. तेत्सुया कोमुरो यांचे संगीत, मित्सुको कोमुरो यांचे शब्द. टोकियोतल्या शिंजुकूच्या गल्ल्यांत खासगी गुप्तहेराचे काम करणाऱ्या र्‍यो साएबाच्या ‘सिटी हंटर’ या मालिकेचे हे पहिले एंडिंग. नवल आहे ते त्याच्या प्रवेशात. भागाचा शेवटचा प्रसंग चालू असतो, कोणीतरी बोलत असते आणि त्या बोलण्याखालूनच कीबोर्डचे सूर सरकत येतात. चित्र थबकते, ठोका पडतो, नामावली वर सरकू लागते. कथा संपली आणि गाणे सुरू झाले, असा सांधा कुठेच दिसत नाही. गाण्याची पहिलीच ओळ डांबर, टायर आणि अंधार कापत जाण्याची आहे, त्यामुळे ते गाडीत जाणारच होते. र्‍योची लाल मिनी गाडीही तेव्हापासून त्याला चिकटली. २०१७मध्ये या एकाच गाण्याच्या ३६ आवृत्त्या चार सीडींत भरून संच काढला गेला. २०२१च्या सुमारास जपानी नोकरदारांनी ‘गेट वाइल्ड ताइकिन’ नावाची गंमत समाजमाध्यमांवर पसरवली: ताइकिन म्हणजे कचेरीतून सुटणे. काम टाकायचे, कानात हे गाणे लावायचे आणि मागे न बघता दार ओलांडायचे. वेगवान म्हणून नव्हे, तर सुटका झाल्यासारखी वाटते म्हणून लोक हे गाणे लावतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१९९८चे साल या विषयात उजवे. एप्रिलमध्ये शिनिचिरो वातानाबे यांची ‘काउबॉय बीबॉप’ आली. तिचे ओपनिंग ‘टँक!’ हे योको कान्नो यांचे, वाजवणारा संच सीटबेल्ट्स. सुरुवातीला काही वाक्ये बोलली जातात, पुढे शब्दच नाहीत. डबल बास, बोंगो, ब्रास आणि मासातो होंदा यांचा सॅक्सोफोन. बँडचे नाव ‘सीटबेल्ट्स’ असणे हा योगायोग गोड आहे.

त्याच महिन्यात ‘इनिशियल डी’ सुरू झाली. शुइची शिगेनो यांच्या मांगावर (जपानी चित्रकथेवर) बेतलेल्या या मालिकेत ताकुमी फुजिवारा हा शाळकरी मुलगा वडिलांच्या दुकानातला तोफू पहाटे डोंगरावरच्या हॉटेलात पोचवतो. गाडी टोयोटाची एई८६, दारावर काळ्या अक्षरांत दुकानाचे नाव. वडील निघताना कपात पाणी भरून कपहोल्डरमध्ये ठेवतात: तोफू फुटता कामा नये, म्हणून पाणी सांडता कामा नये. ताकुमी ब्रेक कधी दाबावा, वजन कुठल्या चाकावर टाकावे, हे त्या कपातल्या पाण्याच्या हिंदोळ्यावरून शिकतो. मालिकेतला आकिना डोंगर म्हणजे गुन्मा प्रांतातला हारुना. अशा रस्त्यांना जपानीत ‘तोगे’ म्हणतात. मराठीत ‘घाट’ हा त्याला चपखल शब्द आहे.

ओपनिंग ‘अराउंड द वर्ल्ड’ हे मूव्ह या गटाचे. पण लोकांच्या ध्यानात राहिली ती शर्यतीच्या मध्ये वाजणारी युरोबीट, म्हणजे वेगवान सिंथेसायझर नृत्यसंगीताची, गाणी. ही बहुतेक इटलीत तयार झाली. एव्हेक्स ही जपानी कंपनी १९९०पासून ‘सुपर युरोबीट’ या मालिकेच्या सीडी काढत होती आणि इटालियन स्टुडिओ तिच्यासाठी इंग्रजी शब्दांची गाणी पुरवत होते. डेव्ह रॉजर्स हे नाव घेणाऱ्या गायकाचे मूळ नाव जानकार्लो पास्क्विनी. त्याचे ‘डेजा वू’ आणि मॅक्स कोव्हेरीचे ‘रनिंग इन द नाइंटीज’ ही दोन्ही त्यातलीच. मिनिटाला साधारण दीडशे ठोके, वर किनऱ्या सिंथेसायझरची वळणे, आणि ध्रुवपदाशी गाडी आडवी घसरत वळण घेते. इटलीत याला फारसे कोणी विचारत नव्हते, जपानी घाटाने त्याला आसरा दिला.

इटलीचा आणखी एक धागा. गाड्यांवर ॲनिमेतल्या पात्रांची मोठाली चित्रे चिकटवण्याच्या हौसेला जपानीत ‘इताशा’ म्हणतात. आयात केलेल्या इटालियन गाड्यांना आधी हाच शब्द होता. नंतर त्यातला ‘इता’ हा ‘दुखणारे, बघवत नाही असे’ या अर्थाने चेष्टेने घेतला गेला.

दीडशे ठोक्यांची गंमत स्टिअरिंगच्या मागे मात्र जपून घ्यावी. बेन-गुरियन विद्यापीठाचे वॉरन ब्रॉडस्की यांनी २००१ साली सिम्युलेटरवर केलेल्या अभ्यासात, संगीताची लय वाढली तसा चालकांचा वेग वाढला आणि लाल दिवा तोडण्यासारख्या चुकाही वाढल्या. गर्दीच्या रस्त्यावर ‘टँक!’ही जरा जास्तच होते. लांबच्या सरळ पट्ट्याला ‘गेट वाइल्ड’, रात्री परतताना ‘बीबॉप’चे एंडिंग ‘द रिअल फोक ब्लूज’, हा क्रम बरा. युरोबीट घाटात नको. गाडी उभी करून चहा घेताना लावावे.

मराठी घरांत पहिले आनिसोन जपानी आलेच नाही. १९८९ची ‘जंगल बुक’ ही निप्पॉन ॲनिमेशनची मालिका १९९३मध्ये दूरदर्शनवर हिंदीत लागली, तेव्हा तिच्यासाठी गुलजार आणि विशाल भारद्वाज यांनी नवेच गीत केले. चड्डी घालून फूल उमललेले ते गाणे आपण एका जपानी मालिकेचे ओपनिंग ऐकतो आहोत, हे ठाऊक नसतानाच एका पिढीला पाठ झाले. युरोबीट इथे आले ते फार नंतर, इंटरनेटवरच्या मीममधून, गाडी घसरण्याच्या दोन-चार सेकंदांच्या तुकड्यांवर स्वार होऊन.