कापलेल्या फुलांचे जरण

दांड्यासह कापलेल्या फुलाच्या पाकळ्यांत ठरावीक क्रमाने होणारी जैवरासायनिक मोडतोड. तिला कूज समजणे चुकीचे आहे : पाकळी स्वतःच्याच एंझाइमांनी आपली प्रथिने व लिपिडे मोडते आणि त्यांतील नायट्रोजन, फॉस्फरस किंजपुटाकडे (फुलातील बीज धरणाऱ्या भागाकडे) धाडते. पेशीचे पटल गळू लागते, शेवटी रिक्तिका (पेशीतील रसाची पिशवी) फुटते आणि पेशी मरते.

कार्नेशनमध्ये याची सूत्रे एथिलीन या वायुरूप वनस्पती-संप्रेरकाकडे असतात. मिथिओनीन या ॲमिनो आम्लापासून एस-ॲडिनोसिल मिथिओनीन, त्यापासून एसीसी सिंथेज या एंझाइमामुळे एसीसी (१-ॲमिनोसायक्लोप्रोपेन-१-कार्बॉक्सिलिक आम्ल) आणि एसीसी ऑक्सिडेजमुळे एथिलीन बनते. थोडे एथिलीन आणखी एथिलीन घडवते; मग काही तासांतच पाकळ्यांच्या कडा आत वळतात. पिकत्या फळांजवळ ठेवलेली कार्नेशन म्हणूनच अकाली मिटतात. फॅलेनॉप्सिस ऑर्किडमध्ये हीच साखळी परागणाने सुरू होते. ग्लॅडिओलस व ट्युलिपच्या पाकळ्या मात्र एथिलीनला फारशी दाद देत नाहीत. त्यांच्यावर एथिलीनरोधक वापरणे म्हणजे औषध वाया घालवणे. ही चूक वारंवार होते.

सिल्व्हर थायोसल्फेट हे एथिलीनरोधक एथिलीनचे ग्राही (पेशीतील एथिलीन ओळखणारी प्रथिने) निष्प्रभ करते. ०·०७९ ग्रॅ. सिल्व्हर नायट्रेट आणि ०·४६२ ग्रॅ. स्फटिकी (पाच रेणू पाण्याचे) सोडियम थायोसल्फेट प्रत्येकी ५०० मिलि. ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवावे. चांदीचा विद्राव थायोसल्फेटमध्ये ढवळत ओतावा. उलट ओतल्यास काळा साका बसू शकतो व विद्राव निकामी होतो. चांदी जड धातू असल्याने उरलेला विद्राव गटारात ओतू नये. वायुरूप १-मिथिलसायक्लोप्रोपीन हेच काम चांदीविना करते.

गुलाबाची अडचण बहुधा पाण्याची असते. जीवाणू किंवा हवेच्या बुडबुड्यांनी प्रकाष्ठवाहिन्या (दांड्यातील पाणी वाहणाऱ्या नळ्या) तुंबतात आणि कळी उमलण्याआधीच मान टाकते. दांडा पाण्याखाली २–३ सेंमी. पुन्हा कापल्यास बुडबुडे अडकलेला भाग निघून जातो. लिटरभर पाण्यात २० ग्रॅ. साखर, २०० मिग्रॅ. ८-हायड्रॉक्सिक्विनोलीन सायट्रेट हे जंतुनाशक आणि पीएच ३·५ च्या आसपास येईल इतके सायट्रिक आम्ल घालतात. नुसती साखर घातली तर जीवाणूंचेच पोषण होते. साखर संपली की पाकळी प्रथिने जाळू लागते, अमोनिया साचतो, रिक्तिकेचा पीएच चढतो आणि लाल गुलाब निळसर पडतो.

श्वसन मंदावण्यासाठी गुलाब व कार्नेशन ०–२° से. तापमानात ठेवतात, अँथुरियम मात्र अशा थंडीत काळे पडते.