आधी गार, मग गरम

सकाळी सोलरचा नळ सोडला की सुरुवातीला गारच पाणी येतं. ते रात्रभर पाइपात साचलेलं असतं. आई बोट लावून बघते, बाळाला नळापाशी बसवते आणि टॉवेल घ्यायला वळते. तेवढ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी खाली पोचतं. पुण्याच्या उन्हात ते ६०-७० अंशांपर्यंत सहज तापलेलं असतं.

६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी साधारण ५ सेकंदांत खोलवर भाजतं. लहान मुलाची त्वचा पातळ, तिला जेमतेम एखादा सेकंद पुरतो. पाणी ५० अंशांच्या आत असेल तर हाताशी काही मिनिटं मिळतात, म्हणून गिझर ५० च्या वर ठेवू नये. सोलरला तसं बटण नसतं. तिथे गार-गरम आपोआप मिसळणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह प्लंबरकडून बसवून घ्यावा.

बादलीचा नियम एकच: आधी गार पाणी, मग त्यात गरम. उलट केलं तर मधल्या दोन मिनिटांत बादलीत नुसतं कढत पाणी असतं आणि रांगतं मूल नेमकं तेव्हाच काठ धरून उभं राहतं. हीटरच्या रॉडने तापवलेल्या बादलीत वरचा थर कढत आणि तळाचं पाणी कोमट असतं. प्लग काढून, रॉड बाहेर घेऊन पाणी ढवळावं आणि मगच कोपर बुडवून पाहावं. बाळाला ३७-३८ अंश पुरे. रॉड लावलेल्या मोरीचं दार मात्र बाहेरून कडी लावून बंदच हवं, कारण तिथे शॉकचाही धोका आहे.

स्वयंपाकघरात पातेल्यांचे दांडे आत वळवा, टेबलावर लोंबता टेबलक्लॉथ नको आणि मूल मांडीवर असताना चहा नको. कपातला चहा पंधरा मिनिटांनीही पोळू शकतो. सर्दी झाली की पातेल्यातून वाफारा देतात, तो मुलांना देऊच नये. फायदा फारसा नाही आणि पातेलं कलंडलं की पाणी थेट मांड्यांवर पडतं.

तरीही भाजलंच, तर लगेच कपडे काढा. स्वेटर आणि डायपर आधी, कारण ते कढत पाणी धरून ठेवतात. करगोटा, वाळे, मनगट्याही काढा, नंतर सूज आली की त्या रुततात. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढू नका, भोवतीनं कापा. मग भाजलेल्या जागेवर नळाचं गार पाणी घड्याळ लावून २० मिनिटं सोडा. दोन मिनिटांत मूल शांत झालं तरी थांबू नका, आतल्या थरातली उष्णता तोवर निघालेली नसते. सुरुवातीला जमलं नाही, तर ३ तासांपर्यंत याचा उपयोग होतो. मे महिन्यात दुपारी गच्चीच्या टाकीचंच पाणी तापलेलं असतं, तेव्हा माठातलं पाणी तांब्याने सतत ओता. बर्फ नको, त्याने जखम आणखी खोल जाते. बाकीचं अंग कोरड्या चादरीत गुंडाळा, लहान बाळ पटकन गारठतं.

टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यांतलं काहीही लावू नका. त्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि डॉक्टरांना जखमेची खोली कळत नाही. फोड फोडू नका. जखम स्वच्छ सुती कापडाने सैलसर झाका आणि निघा.

मुलाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का. भाजलेला भाग त्याहून मोठा असेल, फोड आले असतील, किंवा चेहरा, हात, पाय, जांघ, सांधा भाजला असेल तर दवाखाना गाठाच. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर जखम लहान असली तरी दाखवा. १० टक्क्यांच्या आसपास भाजलं असेल तर सलाइन लागतं, तेव्हा १०८ ला फोन करा किंवा ससूनसारखं मोठं रुग्णालय गाठा.

पुढच्या काही दिवसांत ताप, पुरळ, उलट्या किंवा जुलाब झाले, मूल मलूल वाटलं, तर जखम कितीही छोटी असो, त्याच दिवशी दाखवा. विषारी जंतुसंसर्ग अशा वेळी काही तासांत बळावतो. आणि दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तर प्लास्टिक सर्जनला दाखवायला उशीर करू नका. उशिरा भरलेल्या जखमेचा वण जाड होतो आणि तो कोपरावर किंवा बोटांवर असेल, तर मूल वाढतं पण वण तेवढा ताणत नाही, मग हात आखडतो.